गुरुवारचा गल्ला

मुलाला फुटबॉल क्लबात घातलं त्या वर्षी, २०१५च्या ऑगस्टअखेर, क्लबाचा एक ईमेल आला. सामन्यांचं वेळापत्रक, संघाच्या जर्सी धुवायची पाळी कोणाची, पोरांना परगावी गाडीतून कोण नेणार, असं सगळं त्यात होतं. शेवटी एक ओळ होती: प्रत्येक कुटुंबाने मोसमात दोनदा ‘बारडीन्स्ट’ करायची. माझं डच तेव्हा कामापुरतंच होतं. डीन्स्ट म्हणजे सेवा. मला वाटलं, पोरांना सरबत-बिस्किटं वाटायची असतील. आपल्याकडे उत्सवात पाणी वाटायला उभं राहतात, तसं काहीतरी.

रविवारी दुपारी तीनला मी पोचलो तर काउंटरमागे बिअरच्या तोट्या होत्या आणि समोर चिखलाने माखलेले वीसएक गडी.

मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. वडील तरुणपणी एका तालमीच्या संघातून खेळायचे. कुठल्या ते सांगत नाही, पेठेत अजूनही भांडण होईल. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा, प्रॅक्टिस ही नावं ऐकत आणि शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर ऊन खात मी मोठा झालो. आमचा फुटबॉल तालमीतून आलेला. आत हनुमान, आखाड्याची लाल माती आणि वस्ताद. पिऊन तालमीची पायरी चढायची नाही हा कायदा. पायरीच्या खाली कोण काय करतो ते वस्तादांना पक्कं माहीत असायचं, पण ते तिकडे बघायचे नाहीत. नोकरीसाठी नेदरलँड्सच्या दक्षिणेला, ब्राबांट प्रांतात आलो तोवर मी बिअरची बाटलीसुद्धा उघडलेली नव्हती. आता तोटीच हातात आली.

शिकवायला बारप्रमुख होते. वय सत्तरीच्या पुढे. इथे लहानथोर एकमेकांना नावानेच हाक मारतात, पण वडलांच्या वयाच्या माणसाला नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. म्हणून आजतागायत मी त्यांच्याशी नाव न घेताच बोलतो. त्यांनी मला ग्लास थंड पाण्यात बुचकळायला लावला, तिरका धरायला लावला. तोटी उघडायची ती पूर्ण. भीत-भीत अर्धी उघडली की नुसता फेस येतो. वर दोन बोटं फेस ठेवायचा आणि जास्तीचा ओल्या पट्टीने सपकन कापायचा. पन्नास लिटरच्या एका पिंपात पाव लिटरचे दोनशे ग्लास बसतात, कागदावर. माझ्या हातून पहिल्या दिवशी किती निघाले ते विचारू नका. मोरीत फेस सांडताना बघून ते शांतपणे खिडकीबाहेर बोट दाखवत म्हणाले, “ते दिवे दिसतात? तू आत्ता त्यांचं वीजबिल ओतून दिलंस.”

हे वाक्य मला तेव्हा नुसतीच थट्टा वाटलं होतं.

घरी फोन केला तेव्हा वडलांना सांगितलं. पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग, “शिकूनसवरून शेवटी गुत्त्यावर बसलास व्हय रे?”

“क्लबाचा बार आहे हो, आबा. पैसे क्लबाला जातात.”

“आन् तुला काय मिळतंय?”

“काही नाही.”

“म्हंजे फुकटचा गुत्ता!”

फुकटचा, पण बिनकायद्याचा नाही. बारवर उभं राहणाऱ्या स्वयंसेवकाला ‘जबाबदारीने दारू देण्याचं’ एक छोटं प्रशिक्षण घ्यावं लागतं. मी ते एका संध्याकाळी संगणकावर उरकलं. ओळखपत्र कसं बघायचं, चढलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, भांडण दिसलं तर काय करायचं. प्रश्नांची उत्तरं सोपी होती. अवघड ते पुढे प्रत्यक्षात होतं. दुकानदार गिऱ्हाइकाला नाही म्हणू शकतो, पण क्लबात समोर उभा असतो तो गिऱ्हाईक नसतो. तो तुमच्या मुलाचा प्रशिक्षक असतो, किंवा तुमच्या घराचा नळ दुरुस्त करून गेलेला माणूस. आठवं मागायला आला की त्याला ‘आता पुरे’ कसं म्हणणार? ते तंत्र बारप्रमुखांकडे होतं. ते नाही म्हणतच नसत. समोरच्याचा ग्लास घ्यायचे, पुसायला लागायचे आणि त्याच्या आईची चौकशी करायचे. पुसून होईपर्यंत दहा मिनिटं जायची.

दोन वर्षांनी मी क्लबाच्या हिशेब तपासणीत अडकलो. इथल्या संस्थांत खजिनदाराची वही सभासदांपैकीच दोघे तपासतात. मी एक्सेलमध्ये बरा आहे ही बातमी कुठून तरी फुटली. भारतीय म्हटल्यावर ती अफवा असली तरी खपते. हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी खजिनदारबाईंच्या स्वयंपाकघरात बसून मी पहिल्यांदा क्लबाचं पोट उघडून पाहिलं.

जमेच्या बाजूला सभासदांची वर्गणी. तिच्या खालोखाल, जवळजवळ तिला खांदा लावून, कॅन्टीन. मग फलकांचे प्रायोजक, आणि दर वर्षी पोरं दारोदार फिरून विकतात त्या ‘ग्रोते क्लुबआक्सी’च्या लॉटरीची तिकिटं: तीन युरोला एक, त्यातले ऐंशी टक्के क्लबाला. खर्चाच्या बाजूला नगरपालिकेला मैदानाचं भाडं, वीज, पंचांचे पैसे, चेंडू, जाळ्या, संघटनेची फी. माझ्या मुलाची वर्षाची वर्गणी आणि त्याच्यावर होणारा खर्च मी शेजारी-शेजारी मांडला. आकडे जुळेनात. मी पुन्हा बेरीज केली.

“बरोबर आहे तुझी बेरीज,” बाई म्हणाल्या. “उरलेलं पाचवा संघ पितो.”

पाचवा संघ म्हणजे पस्तीस-चाळिशीचे मित्र. रविवारी सकाळी दहाला खेळतात, बहुतेकदा हरतात, आणि बाराला कॅन्टीनमध्ये येतात ते संध्याकाळी बार बंद होईपर्यंत. इथे याला ‘देर्दे हेल्फ्त’ म्हणतात, सामन्याचा तिसरा अर्धा. तिसरा अर्धा कसा, हा गणिती प्रश्न इथे कुणाला पडत नाही. पहिले दोन अर्धे नव्वद मिनिटांचे, हा मात्र सहा तास चालतो आणि यात आमचा पाचवा संघ अजिंक्य. गुरुवारी रात्री सराव, म्हणजे गुरुवारीही तेच. पोरांचे संघ शनिवारी खेळतात, आणि शनिवारी खपतात कॉफी, टोस्टी, तळलेली फ्रिकांडेल. गर्दी शनिवारी, गल्ला रविवारी आणि गुरुवारी. सात वर्षांच्या पोराला स्वस्तात खेळता यावं म्हणून चाळिशीचा माणूस पितो, असं काही तो ठरवून करत नाही. पण वहीत तसंच दिसतं. मला वाटतं, बिअर ही तिथली वर्गणीच आहे. फक्त ती मागावी लागत नाही. आपल्याकडे पावतीपुस्तक घेऊन दारात उभं राहिलं की माणूस ‘मालक घरात नाहीत’ म्हणतो. इथे तो स्वतः रांगेत उभा राहून भरतो.

आणि टीटीएमएम? डच माणूस कॉफीचे पैसेसुद्धा वाटून देतो ही त्याची जगभर ख्याती. कॅन्टीनमध्ये मात्र उलटं. तिथे ‘रोंद्ये’ चालते: एकाने सगळ्यांसाठी आणायचं, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. बारा ग्लास मावणारी लाकडी फळी घेऊन येतात, तिला ‘मीटर’ म्हणतात. बिअर मीटरवर मोजताना मी पहिल्यांदाच पाहिली. मी कोला पितो. माझी पाळी आली की मी एक कोला आणि अकरा बिअर घेतो. पहिल्या वर्षी मी याचा हिशेब मनात ठेवत असे. मग लाज वाटून सोडून दिला.

त्या वहीत मला सर्वांत आवडलेला आकडा होता ६८,०६७. क्रीडा क्लबाच्या कॅन्टीनची वर्षाची विक्री इतक्या युरोंपर्यंत राहिली तर तिच्यावर मूल्यवर्धित कर लागत नाही. एक युरो जरी वर गेली तर सगळ्याच विक्रीवर लागतो, बिअरवर २१ टक्के, क्रोकेटवर ९. पण ६८,०६७ हा काय आकडा झाला? सत्तर हजार म्हणा की! मी घरी येऊन जुन्या गुल्डनच्या दराने गुणलं, एका युरोला २.२०३७१. उत्तर आलं दीड लाख गुल्डन. चलन २००२ साली पेटीतून गेलं, पण कराच्या कायद्यात ते अजून बसून आहे. जुन्या माणसाने पैशांऐवजी आणे सांगावेत तसं.

सरकारने क्लबाला अशी सवलत दिली, तर गावातले कॅफेवाले चिडणारच. त्यांच्याकडे पगारी नोकर, आमच्याकडे माझ्यासारखे फुकटे. म्हणून कायद्यात अशा संस्थांना वेगळा कप्पा आहे. दारू किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत द्यायची हे नगरपालिका ठरवते, आणि क्लबात लग्नं-वाढदिवस घालून कॅफेच्या पोटावर पाय द्यायचा नाही. यावरून आमच्या गावात कॅफेमालक आणि क्लबाचे अध्यक्ष यांच्यात जुनी धुसफूस आहे. गंमत म्हणजे कॅफेमालक तिसऱ्या संघाचा बचावपटू आहे.

क्लबाचा खरा शत्रू मात्र सुपरमार्केट. चोवीस बाटल्यांचा क्रेट तिथे बारपेक्षा कितीतरी स्वस्त. एखादा संघ गाडीच्या डिकीतून तो क्रेट गुपचूप कपडे बदलायच्या खोलीत नेतो आणि न्हाऊन तिथेच संपवतो. त्या रात्री बारप्रमुखांचा चेहरा मी पाहिला आहे. एरवी दंगा, शिव्या, फुटलेली काच, सगळं पोटात घालणारा माणूस. पण कचऱ्याच्या डब्यात परक्या बाटल्या सापडल्या की त्यांच्या लेखी ती दानपेटीतली चोरी.

२०१८च्या मे महिन्यात आबा आले. शनिवारी सकाळी नातवाचा सामना बघितला. सामन्यापेक्षा त्यांचं लक्ष गवताकडे. “एवढं हिरवं मैदान, आन् सात वर्षांच्या पोरांना?” मग कॅन्टीनमध्ये बसले. एका टेबलावर आजी-आजोबा, दुसऱ्यावर फ्रिकांडेलचं मेयोनेज गालाला लावलेली पोरं, तिसऱ्यावर साडेअकरालाच ग्लास घेऊन बसलेले दोन बाप. आबा बराच वेळ त्या ग्लासांकडे बघत होते.

“पोरांदेखत?” त्यांनी हळू विचारलं.

मी मान हलवली. सांगितलं, की इथे २०१४पर्यंत सोळाव्या वर्षी बिअर मिळायची, आता अठरा पूर्ण लागतात. आमच्या महाराष्ट्रात बिअरला एकवीस, दारूला पंचवीस, वर परवाना, हे मी बारप्रमुखांना सांगितलं तेव्हा त्यांना आम्ही सगळे साधुसंत आहोत असं वाटलं होतं. आबा हसले. पेठेत परवाना बघायला मागणारा माणूस त्यांनी आयुष्यात पाहिलेला नव्हता.

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. “पैसं कोण घालतंय ह्यात?” मी वहीत पाहिलेलं सगळं सांगितलं. तालमीचे पैसे कुठून येत ते त्यांना ठाऊक होतं: गल्लीतली वर्गणी, व्यापाऱ्यांची देणगी आणि कुणातरी पुढाऱ्याचा हात. आता तर मोसमापुरते परदेशी खेळाडू आणतात, स्पर्धेच्या फलकावर संघाच्या नावापेक्षा फोटो मोठे असतात. आबांनी चहाचा कप खाली ठेवला. “आमच्याकडं पुढारी, यांच्याकडं बिअर. कुणाचं तरी मिंधं व्हावंच लागतंय.”

मला ते तेव्हा पटलं नाही. पुढारी निदान उपकार मोजतो. बिअर काय मोजणार?

२०१४च्या त्या बदलाची गोष्ट बारप्रमुख रंगवून सांगतात. ३१ डिसेंबरला ज्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना कायद्याने बिअर मिळत होती, त्यांनाच १ जानेवारीला ती मिळेनाशी झाली. युवा संघात अर्धे अठराचे, अर्धे सतराचे. अठराचा एकजण मीटर घेऊन जायचा आणि टेबलावर तो कोणाच्या हातात जातो ते बघायला बारवर सवड नसायची. चोरून तपासणीला पाठवलेल्या पोरांना दारू देण्यात क्रीडा कॅन्टीन पुढे असतात, हे अशा पाहण्यांत वारंवार दिसलेलं आहे, आणि मला त्याचं नवल वाटत नाही. बारमागे कोणी सराईत नसतो. बाप असतो, आणि समोरचा पोरगा त्याच्या मुलाच्या वर्गातला. पुढे २०२१च्या नव्या कायद्याने अल्पवयीनाच्या हातात ग्लास सरकवणाऱ्या मोठ्यालाही गुन्हेगार ठरवलं. आम्ही भिंतीवर पाटी लावली. पाटीखाली बसून पितात.

कोरोनात सगळंच बंद. मार्च २०२० मध्ये खेळ थांबला, भरलेली पिंपं ब्रुअरीवाले परत घेऊन गेले. ऑक्टोबरात कॅन्टीन पुन्हा बंद झाली तेव्हा पोरांना आपापसांत खेळायची मुभा होती. आईबाप कुंपणाबाहेर थर्मास घेऊन उभे. त्या वर्षी मला वाटलं होतं की क्लब बुडणार. बुडाला नाही. सरकारी मदत आली, भाड्यात सूट मिळाली, आणि खर्चही थांबला होता. वहीतली कॅन्टीनची ओळ मात्र जवळजवळ कोरी. बाईंनी ती पुसली नाही, तशीच ठेवली.

आता त्या माणसाबद्दल.

पाचव्या संघाचा गोलरक्षक. उंच, गमत्या, ट्रक चालवायचा. गुरुवारी पहिला येणार, शेवटचा जाणार. माझ्या मुलाला गोलात कसं उभं राहायचं ते त्यानेच शिकवलं, तेही एका हातात ग्लास धरून आणि एक थेंब न सांडता. तो बारवर असला की आजूबाजूला माणसं जमायची, माणसं जमली की रोंद्या फिरायच्या. बाई त्याला गमतीने ‘आमचा मुख्य प्रायोजक’ म्हणायच्या. त्याच्या चाळिसाव्या वाढदिवसाला आम्ही त्याचं नाव कोरलेली पितळी पट्टी बारच्या कडेला ठोकली. मी वर्गणी दिली, स्क्रूही मीच धरले होते.

२०२२च्या शरद ऋतूत मी तिमाही आकडे भरत होतो. रविवार ठीक. गुरुवार एकदम खाली, सलग पाच आठवडे. मी बाईंना विचारलं, “गुरुवारचं काय झालं?” त्या म्हणाल्या, “तो येत नाही ना हल्ली.” टेबलाभोवती चौघं होतो, चौघंही हसलो. कुणीतरी म्हणालं, “त्याला फोन करा, क्लब बुडतोय.”

फोन बारप्रमुखांनी केला. परत आले ते टेबलाशी न बसता खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. दारू पिऊन चालवताना त्याचा परवाना गेला होता, त्यापाठोपाठ नोकरी. तो उपचारांसाठी एका केंद्रात भरती होता. त्याच्या बायकोने फोन घेतला होता. ती रागावली नव्हती. तिने फक्त विचारलं होतं, की तो तिथे किती घ्यायचा हे तुम्हाला माहीत होतं का?

मला माहीत होतं. म्हणजे, ग्लासांत नाही. पण गुरुवारचा गल्ला मी तीन वर्षं भरत होतो, त्याचा आलेख मीच काढला होता, हिरव्या रंगात. आमच्या प्रशिक्षणात चढलेल्या माणसाला ओळखायचं शिकवतात. याला कधी चढलेली दिसलीच नाही. ओळखण्याची खूण तीच असते, हे त्यात नव्हतं.

मी त्या रात्री आबांना फोन केला, पण हे काही सांगितलं नाही. कोल्हापूरच्या सामन्यांबद्दल बोललो.

तो मार्चमध्ये परत आला. खेळायला नाही. शनिवारी सकाळी सातला मैदानावर चुन्याच्या पट्ट्या मारणारे काका गुडघेदुखीने थांबले होते, ते काम त्याने मागून घेतलं. साडेआठला कॅन्टीन उघडली की तो पहिला आत यायचा. बारप्रमुख न विचारता कॉफी पुढे ठेवत आणि पैसे घेत. मी एकदा म्हणालो, “त्याच्याकडून कशाला?” ते म्हणाले, “सगळ्यांकडून घेतो.” पितळी पट्टीचं काय करायचं यावर समितीत दोन बैठका झाल्या. शेवटी ती तिथेच राहिली, कारण त्यानेच सांगितलं की काढली तर भोकं दिसतील.

त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत एक ठराव होता. शनिवारी पोरांचे शेवटचे सामने संपेपर्यंत बारवर दारू द्यायची नाही. येणारी तूट भरायला सगळ्यांची वर्गणी थोडी वाढवायची. आकडे मी मांडले. शनिवार सकाळचे ते दोन-चार ग्लास फार मोठी रक्कम नव्हती, पण सभेत कोणत्याही रकमेला कुटुंब असतं. एक बाप उठून म्हणाला, कॉफीनंतर एक ग्लास घेतला तर पोराचं काय बिघडतं? एक आई म्हणाली, मी तीन मुलांची वर्गणी भरते, ती कुठून वाढवू? कुणीतरी पाचव्या संघाकडे बघून म्हणालं, यांनी गुरुवारी जोर लावावा. हशा पिकला, मग अर्ध्यातच विरला, कारण तो मागच्या रांगेत बसला होता. हाताला चुना लागलेला.

त्याने हात वर केला. अध्यक्षांनी त्याला बोलायला सांगितलं. तो म्हणाला, “माझ्याकडून वाढीव वर्गणी घ्या. गुरुवारचे बरेच पैसे शिल्लक पडलेत.”

क्षणभर कुणालाच हसावं की नाही कळेना. पहिले तोच हसला.

हात मोजले. ठराव नऊ मतांनी मंजूर झाला. मी तो आकडा वहीत लिहिला. अध्यक्षांनी चष्मा लावून पुढचा विषय वाचला: तिसऱ्या मैदानाच्या गोलजाळ्या, उंदरांनी कुरतडलेल्या.